मूठभर धान्याची शाळा

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात आमचे मूळ गाव. तेथील हायस्कुलाची जुनी इमारत काळ्या दगडाची असून तिच्या पश्चिमेकडील भिंतीत, जोत्यापासून तिसऱ्या थरात, एक दगड इतरांहून थोडा तांबूस आहे. तो आमच्या शेताच्या बांधावरचा. इमारतीचे काम निघाले तेव्हा प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे काही द्यावे असे गावाने ठरविले होते. कोणी रोख रक्कम दिली, कोणी बांधावरचे झाड तोडून लाकूड दिले, आणि ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते त्यांनी चार-चार दिवस अंगमेहनत केली. आमच्या आजोबांनी बैलगाडीने दगड वाहिला. मी त्या शाळेत जाऊ लागलो तोपर्यंत आजोबा थकले होते. पण शाळेवरून जाताना ते त्या दगडापाशी क्षणभर थबकत आणि हात लावून पुढे जात. एकदा एका मुलाने त्या भिंतीवर कोळशाने काही खरडले, तेव्हा मास्तरांच्याही आधी रस्त्याने जाणाऱ्या एका शेतकऱ्याने त्याचा कान धरला. त्या शेतकऱ्याचे स्वतःचे एकही मूल शाळेत नव्हते. तरी शाळा त्याची होती.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मला प्रथम तो दगड आठवला. बंगळुरातील मराठी माणसाने इतिहास लिहावयाचा म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीपासून आरंभ करावयाचा, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु किल्ले आणि जहागिरी यांच्या इतिहासाखाली आणखी एक इतिहास वाहत असतो. तो शाळांचा, वसतिगृहांचा, मुठीमुठीने जमविलेल्या धान्याचा इतिहास होय. शाळा कोणाची? सरकारची, मास्तरांची, पैसे देणाऱ्या पालकांची, की ज्या वस्तीत ती उभी आहे त्या वस्तीची? या एका प्रश्नाचा महाराष्ट्रातील मागोवा थोडक्यात घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

शाळा आणि समाज यांचे नाते नेहमीच गोड होते, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाची एक मोठी कथा तर समाजाच्या विरोधातूनच सुरू होते. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा भोवतालच्या समाजाने तिचे स्वागत केले नाही. समाजाच्या दडपणामुळे वडिलांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. सावित्रीबाई शिकवावयास निघाल्या की त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकला जाई, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. म्हणजे शाळा ही समाजाची असली पाहिजे हे जितके खरे, तितकेच ती समाजाच्या एक पाऊल पुढे असली पाहिजे हेही खरे. ज्या शाळेवर समाजाची पूर्ण सत्ता असते, ती शाळा समाजातील विषमताही जशीच्या तशी जतन करील, ही शक्यता फुल्यांच्या अनुभवाने आपल्यासमोर कायमची ठेवली आहे.

पण फुले यांनी केवळ समाजाशी भांडण मांडले नाही. त्यांनी कष्टकरी समाजालाच शाळेचा खरा धनी ठरविले. १८५५ साली त्यांनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा चालविली. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा शक्य नसते, हे ज्याला कळते त्यालाच समाज कळतो. पुढे १८८२ साली हंटर शिक्षण आयोगासमोर सादर केलेल्या निवेदनात त्यांनी हिशेबाचाच प्रश्न काढला. सरकारचा महसूल बहुतांशी शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो. मग तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होऊन रयतेची मुले निरक्षर का राहावीत? निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. जो देतो त्याची शाळा, या विचाराचे बीज मला त्या निवेदनात दिसते. रयत आधीपासूनच देत होती. फक्त तिला त्याचे माप मिळत नव्हते.

हे माप देण्याचा प्रयत्न दोन संस्थानिकांनी केला. सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात प्रथम १८९३ साली अमरेली भागात व नंतर १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि कोल्हापूर शहरात निरनिराळ्या जातिजमातींसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. ही दोन्ही कार्ये थोरच होती. परंतु ती राजाच्या इच्छेने झाली. राजा नसेल, संस्थान नसेल, सरकारी तिजोरीत पैसा नसेल, तेथे शाळा कशी निघावी? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस कोल्हापूरच्याच वातावरणात वाढत होता.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे, गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. बंगळुरातील वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या घराण्याचे पूर्वज दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीहून आलेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या कन्नड भूमीवर आज आपण पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलो आहोत, त्याच भूमीतून कधीकाळी निघालेल्या एका कुटुंबाने महाराष्ट्राला त्याचा कर्मवीर दिला. या लेखाच्या शेवटी मला या गोष्टीकडे पुन्हा यावयाचे आहे.

भाऊरावांचे स्वतःचे शालेय शिक्षण फारसे पुढे गेले नाही. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलातून ते मॅट्रिकच्या आतच बाहेर पडले. साताऱ्यात शिकवण्या करून ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. या हिंडण्याचा उपयोग शिक्षणाच्या कार्यास फार झाला, असे मला वाटते. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याची पिके, त्याची कर्जे, त्याच्या घरातील मुलांची संख्या हे सारे ऐकून घ्यावे लागते. कोणता शेतकरी कशासाठी खिशात हात घालील आणि कशासाठी नाही, हे ज्ञान कोणत्याही अध्यापन महाविद्यालयात मिळत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या नावातच धोरण होते. ती कोणा देणगीदाराच्या नावाची नव्हती, जातीच्या नावाची नव्हती, राजाच्या नावाची नव्हती. ती रयतेची होती. काले येथे वसतिगृह निघाले आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. त्या काळी खेड्यातील एखाद्या बापाला आपला मुलगा त्या पंगतीत बसणार हे ठाऊक असूनही त्याला तेथे पाठविण्यासाठी किती धैर्य लागले असेल, याची कल्पना करून पाहावी. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

वसतिगृह चालवावयाचे म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ मुलांच्या ताटात भाकरी पडली पाहिजे. तिजोरी रिकामी होती. वसतिगृहातील मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. एका घराच्या त्यागाने संस्था काही दिवस तगते. पण ती टिकावयाची तर हजारो घरांचा थोडा-थोडा वाटा लागतो, हे भाऊरावांनी ओळखले होते. यातूनच मुष्टिफंडाची योजना आली. गावातील प्रत्येक घरात दळणाला किंवा स्वयंपाकाला धान्य काढताना बाईने त्यातून एक मूठ वेगळी काढावयाची आणि ती मडक्यात टाकावयाची. साठलेले धान्य वसतिगृहाला द्यावयाचे. त्यात ज्वारी असे, बाजरी असे, जे ज्या घरी पिकत असेल ते असे.

या मुठीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. धान्याच्या दृष्टीने एक मूठ काहीच नाही. परंतु ती मूठ रोज काढली जाई, ती घरातील स्त्री काढी, आणि ती काढताना तिला दूर साताऱ्यातील कोणा अनोळखी मुलाची आठवण होई. वर्षातून एकदा पावती फाडून शंभर रुपये देणाऱ्याचा शाळेशी जो संबंध येतो तो वर्षातून एकदाच. मूठ काढणाऱ्या बाईचा तो रोज येई. शाळेचा उंबरठा कधीही न ओलांडलेली, अक्षरओळख नसलेली ती बाई अशा रीतीने शाळेची चालक झाली. आपण ज्याला दान म्हणतो ते सावकाश नात्यात रूपांतरित होते, ते असे.

देणे केवळ समाजाकडून नव्हते. विद्यार्थीही देत. 'कमवा आणि शिका' हे सूत्र या संस्थेने प्रत्यक्ष राबविले. मुले शेतात काम करीत, दगड फोडीत, रस्त्याच्या कामावर जात, इमारतीचे बांधकाम करीत. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे मुलाने फी पैशाने नव्हे तर श्रमाने भरावी, अशी व्यवस्था होती. ज्या मुलाने शाळेची विहीर खणली त्याला त्या विहिरीचे पाणी कोणी फुकट दिले, असे वाटत नाही. त्याचा कणा ताठ राहतो. या वसतिगृहांत वाढलेल्या मुलांपैकी पी. जी. पाटील हे पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचले.

मुलांना शिकवावयास खेड्यात राहण्यास तयार असलेले शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले. त्यानंतर मुंबई इलाख्यात १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे खाजगी संस्थांनी शाळा काढल्यास अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले गेले. रयत शिक्षण संस्थेने ही संधी साधली. १९३८ साली साताऱ्याजवळच्या डोंगरावरील यवतेश्वर या गावी पहिली व्हॉलंटरी शाळा निघाली आणि पाहता-पाहता अशा शाळांची संख्या पावणेसहाशेच्या घरात गेली. या शाळांना स्वतःची इमारत बहुधा नसे. देवळाचा सभामंडप, चावडी, कोणाच्या तरी वाड्याची ओसरी, जेथे सावली मिळेल तेथे शाळा भरे. जागा गावाने द्यावयाची, मास्तर संस्थेने द्यावयाचा, असा करार. मास्तराचा पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर मिळेलच अशी खात्री नसे. तेव्हा गावच त्याच्या ज्वारीची आणि सरपणाची सोय पाही. मुले शेतावर गेली तर मास्तर शेतावर जाऊन त्यांना बोलावून आणी.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास न होता गौरवगीत होईल. गावाच्या मेहेरबानीवर जगणारा मास्तर गावातील पुढाऱ्याला दुखवू शकत नाही. देवळाच्या सभामंडपात शाळा भरली तर ज्या मुलांना देवळाची पायरी निषिद्ध, ती कोठे बसणार, हा प्रश्न त्या काळी काल्पनिक नव्हता. समाजाने शाळेला जागा द्यावी, पण त्या जागेबरोबर आपले सोवळेही देऊ नये, यासाठी संस्थेला तत्त्वाचा कणा लागतो. रयत शिक्षण संस्थेचे वैशिष्ट्य हे, की तिने गावाकडून धान्य घेतले, दगड घेतला, श्रम घेतले. परंतु पंगतीत कोणी कोणाशेजारी बसावे हे ठरविण्याचा अधिकार गावाला दिला नाही. फुल्यांची ठाम भूमिका आणि बायाबापड्यांची मूठ या दोहोंचा हा संगम होय. यांपैकी एक उणे असते तर ती संस्था एक तर एकाकी पडली असती, नाहीतर लाचार झाली असती.

या नात्याची परीक्षाही झाली. स्वातंत्र्यानंतरच्या लगतच्या काळात भाऊरावांच्या स्पष्टवक्तेपणामुळे मुंबई सरकारशी खटका उडाला आणि संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. अशा वेळी केवळ अनुदानावर चालणारी संस्था कुलूप लावून मोकळी झाली असती. पण लोक धावून आले, आणि संत गाडगे महाराजांनी सरकारदरबारी आपला शब्द खर्ची घातला. अनुदान पुन्हा सुरू झाले. त्यापूर्वी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले होते. १९५४ साली कराडच्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या एका संताचे नाव महाविद्यालयाला मिळावे, यातच शाळा आणि समाज यांच्या नात्याची सारी कहाणी आली. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. आज त्याच्या शाखा सातशेहून अधिक आहेत.

ज्या काळात साताऱ्याकडील गावे शाळेसाठी मूठ काढीत होती, त्याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला अगदी वेगळी अडचण उभी होती. ठाणे जिल्ह्याच्या तेव्हाच्या डहाणू भागात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी म्हणून तेथे आल्या. बालवाडी तर निघाली. परंतु ज्यांच्यासाठी ती काढली त्या वस्त्यांतील मुले तेथे येईनात. ज्या घरात देण्यासाठी मूठभरही धान्य नाही, त्या घराशी नाते कसे जोडावे? ताराबाईंचे उत्तर सोपे होते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे. अशा रीतीने अंगणवाडी जन्मास आली. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखतात असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात गेली. तिला कुरणशाळा असे नाव पडले. शिंपले, गोटे, बिया, पाने हीच शैक्षणिक साधने झाली. ही साधने मुलांच्या ओळखीची होती, आणि ओळखीच्या वस्तूच्या आधाराने मूल अनोळखी अक्षरापर्यंत निर्भयपणे जाते.

साताऱ्यात समाज शाळेकडे आला, कोसबाडला शाळा समाजाकडे गेली. दिशा उलट, पण तत्त्व एकच. दोन्हीकडे कोणीतरी आपला उंबरठा ओलांडला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज बंगळूरच्या गल्लीतही 'अंगनवाडी' अशी कन्नड पाटी दिसते. त्या शब्दाचा उगम एका मराठी बाईच्या पायपिटीत आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाची जबाबदारी सरकारने उचलली, ते योग्यच झाले. व्हॉलंटरी शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. मास्तराला नियमित पगार मिळू लागला, तो कोणाच्या ओसरीचा मिंधा राहिला नाही. मी स्वतः आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला मनुष्य आहे. नियम, अनुदान आणि तपासणी यांची किंमत मी जाणतो. परंतु त्याबरोबरच एक गोष्ट हळूहळू निसटली. छप्पर गळू लागले की गाव पूर्वी शिडी आणी; आता गाव अर्ज लिहू लागले. 'आमची शाळा' या शब्दांच्या जागी 'सरकारी शाळा' हे शब्द केव्हा आले, ते कोणालाच कळले नाही.

हे नाते पुन्हा जोडण्याचा प्रयत्न कायद्यानेही केला आहे. आपल्या कर्नाटकात डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशीनंतर २००१ साली प्रत्येक सरकारी शाळेसाठी पालकांची शाळा विकास व देखरेख समिती स्थापण्यात आली. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून देशभर लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. मूठ काढणारी बाई आता कायद्यानेच समितीवर आली, असे म्हणावयास हरकत नाही. पण कायदा खुर्ची देऊ शकतो, आपलेपणा देऊ शकत नाही. आपलेपणा येतो तो काहीतरी दिल्याने.

आता आपल्याकडे वळतो. बदलीच्या नोकरीमुळे माझ्या मुलांच्या तीन गावी चार शाळा झाल्या. त्यांतील एका शाळेची पालकसभा मला आठवते. दोन तास सभा चालली; बसचे भाडे, गुणांची टक्केवारी आणि गणवेशाचा रंग यांवर कडाक्याची चर्चा झाली. मीही आवाज चढवून बोललो. घरी परतताना लक्षात आले की, आपण त्या सभेत गिऱ्हाइकासारखे बोललो. पैसे मोजले आहेत, माल चोख हवा, इतकाच आमचा शाळेशी संबंध होता. त्या शाळेच्या भिंतीत माझा एकही दगड नव्हता. दोष केवळ शाळेचा नव्हता. तिने मागितले नाही आणि मीही देऊ केले नाही.

आपल्यासारख्या, घरापासून दूर आलेल्या कुटुंबांचे हेच दुखणे आहे. गावची शाळा मागे राहिली. येथली शाळा आपली झाली नाही. या दोहोंच्या मध्ये आपली मुले वाढतात. रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. तेथे कोणी आजी बाराखडी गिरवून घेतात, कोणी अभियंता सुट्टीची झोप मोडून गोष्टी सांगतो. वर्गाला अनुदान नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. तरी तो चालतो, कारण तो मुष्टिफंडावर चालतो. फरक इतकाच की येथे मूठ धान्याची नसून वेळेची आहे. पन्नास वर्षांत या मंडळाने जे काही उभारले ते याच मुठीतून. ती आखडली तर सभागृह राहील, पण वर्ग राहणार नाही.

एवढ्यावर थांबलो तर मात्र आपण फुल्यांचा धडा विसरलो, असे होईल. आपली मुले, आपली भाषा, आपला वर्ग, हे वर्तुळ सुखाचे आहे. परंतु समाज म्हणजे केवळ आपल्यासारखे लोक नव्हेत. बंगळूरच्या जवळजवळ प्रत्येक भागात एखादी सरकारी कन्नड शाळा असते. तेथे आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंची, वाहनचालकांची, बांधकामावर राबणाऱ्या मजुरांची मुले शिकतात. त्यांतील काही मुलांचे आईबाप सोलापूरकडून, लातूरकडून आलेले असतात. त्या शाळेपुढून आपण रोज जातो आणि ती आपली नाही असे समजतो. आपल्यापैकी कोणी गणित शिकवू शकतो, कोणी ग्रंथालयासाठी कन्नड पुस्तके देऊ शकतो, कोणी नुसते महिन्यातून एकदा जाऊन मुलांचे वाचन ऐकू शकतो. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मुलांशी बोलताना आपल्या चुका त्यांनी सुधाराव्यात. त्याने मुलांचा कणा ताठ होईल आणि आपलाही अहंकार थोडा उतरेल.

मूडबिद्रीहून निघालेल्या एका कन्नड कुटुंबाने कृष्णाकाठच्या मातीत मूळ धरले आणि त्या मातीतील मुलांना अक्षर दिले. त्या घराण्याला कोणी परके म्हटले नाही, कारण ज्याने दिले त्याची ती भूमी झाली. आपण उलट वाटेने आलो आहोत. कावेरीचे पाणी आपण पितो, येथल्या हवेत आपली मुले वाढतात. त्या जुन्या ऋणाची एक मूठ परत करण्याची संधी आपल्या दाराशी उभी आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी मंडळाने आपल्या परिसरातील एक कन्नड शाळा आपली म्हणावी आणि पुढील पन्नास वर्षे तिच्यासाठी रोज एक मूठ वेगळी काढावी, अशी माझी सर्व सभासदांना नम्र विनंती आहे.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. हायस्कुलाची नवी इमारत झाली आहे, जुनी अद्याप उभी आहे. मी पश्चिमेकडील भिंतीपाशी गेलो आणि त्या तांबूस दगडाला हात लावला. लहानपणी आजोबांच्या ज्या सवयीची मला लाज वाटे, तीच आता माझ्या हाताला लागली होती. मला आजोबांचा हेवा वाटला. आपल्या नातवंडांना हात लावण्याजोगा एखादा दगड बंगळुरातल्या कोणत्या तरी शाळेच्या भिंतीत आपण बसवू शकलो, तर हे शहर त्यांना परके वाटणार नाही.